पत्र्याच्या घरात टिकेल असं झिंकचं सनस्क्रीन कसं करावं?

(संपादक: धागा चुकून ‘पाककृती’ विभागात उघडला होता. हलवला आहे.)

सरकी | १४ मे, पहाटे ५:५०

लाईट आहे तोवर लिहून घेते.

गाव दारव्ह्याकडचं, जिल्हा यवतमाळ. मी बीएस्सी केमिस्ट्री. त्यानंतर बारा वर्षं चूल, शेती आणि आता बचत गट. गटाचं काम शेवया, मिरची पूड, पापड. म्हणजे सौंदर्यप्रसाधनांशी काही देणंघेणं नाही. पण गटातल्या एकीला दोन्ही गालांवर वांग आले. तिने आठवडी बाजारातून कुठलीशी गोरं करायची क्रीम आणून चार महिने लावली. आधी उजळली, मग चेहरा लालबुंद, उन्हात गेली की आग आग. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्रीम बंद केली आणि सनस्क्रीन लिहून दिलं. दोन बोटांवर काढून सकाळ-दुपार लावायचं म्हटलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. मग माझ्यातली बीएस्सी जागी झाली.

आतापर्यंतचे पराक्रम:

पहिली बरणी: झिंक ऑक्साइडची पूड आणि बाजारचं कोरफडीचं हिरवं जेल. कालवलं तेव्हा मलईसारखं दिसलं. दोन दिवसांनी वर पाणी, खाली चुना.

दुसरी: स्टिअरिक ॲसिड, इमल्सिफाइंग वॅक्स, तिळाचं तेल, पाणी, झिंक. आठवडाभर फार सुंदर. तीन आठवड्यांनी चमचा उभा राहायला लागला. आता बरणी उलटी केली तरी हलत नाही.

तिसरी: पाणीच नको म्हणून घरच्या जवसाचं घाणीचं तेल, मधमाशीचं मेण आणि झिंक. मे महिना लागला, पत्र्याखाली सगळं वितळलं, झिंक तळाशी बसलं. थंड झाल्यावर वर पिवळं मेण, खाली पांढरी वडी. वास तर असा की सासूबाई म्हणाल्या, कोणी दाराला रंग दिला का?

मला ऑक्सिबेन्झोन वगैरे ऊन शोषणारी रसायनं नकोत, पाम तेल शक्यतो नको, आणि होईल तेवढं आपल्याकडचं हवं. कुठे चुकतंय?

बाप्या_अकोलेकर | १४ मे, ६:१५

ताई, शेला बांधा ना डोक्याले. आमच्या अकोल्यात त हेच सनस्क्रीन. खिशात एक कांदा.

सरकी | १४ मे, ६:२२

शेला बांधूनच जातो भाऊ. कापूस वेचताना शेला कपाळावरून नाकावर येतो, नाकावरून गळ्यात. गाल उघडेच राहतात.

रंगारी_नागपूर | १४ मे, ९:४०

सरकीताई, मी तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली. तुमच्या सासूबाईंचं नाक एकदम पक्कं आहे. जवसाचं तेल म्हणजेच आमचं लिनसीड. हवेतला ऑक्सिजन ओढून ते वाळतं, म्हणून तर त्याचा रंग होतो. तेलचित्रांचा पांढरा रंग शंभर-दीडशे वर्षं असाच बनत आला: झिंक ऑक्साइड अधिक जवसाचं तेल. तुम्ही चेहऱ्याला लावायला दाराचा रंग केला.

गंमत सोडा. तुमच्या तिन्ही बरण्यांचं दुखणं मला घरचं वाटतं, कारण मिनरल सनस्क्रीन, म्हणजे झिंकसारख्या खनिज पुडीचं, हा रंगच आहे. फरक एवढाच की भिंतीऐवजी कातडीवर द्यायचा. झिंकची घनता ५.६. म्हणजे २० ग्रॅम झिंक जेमतेम साडेतीन मिली जागा घेतं, पण पाण्याच्या साडेपाच पट जड. ते बसणारच. किती वेळात बसेल ते कणाच्या आकारावर. कण सुटा असेल तर महिने लागतात. गुठळी झाली, समजा दहापट मोठी, तर शंभरपट वेगाने खाली येते. आणि पत्र्याखाली तेल पातळ झालं की वेग आणखी वाढतो.

म्हणून क्रीम कसली करायची ते नंतर, आधी झिंक नीट भिजवायचं शिका. पिठलं करता ना? बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या. आधी थोड्या गार पाण्यात कालवून घेतलं की नाही. तसंच, पूड आधी थोड्याच तेलात, तीही योग्य डिस्पर्संट घालून. डिस्पर्संट म्हणजे कणाला अंगरखा: एका टोकाने कणाला धरतो, दुसरं टोक तेलात मोकळं सोडतो, म्हणजे दोन कण एकमेकांना चिकटत नाहीत.

सरकी | १४ मे, १०:०५

काका, पिठल्याचं एकदम डोक्यात बसलं. पण डिस्पर्संट म्हणजे नेमकं काय आणायचं?

बुटीबोरी_शिफ्ट | १४ मे, रात्री ११:३०

सेकंड शिफ्ट संपवून आले. कॉस्मेटिक युनिटमध्ये आहे, सनस्क्रीन आमच्याकडे होतं, तेव्हा थोडं लांब लिहिते.

तुम्हाला आपल्याकडचं हवं आहे ना? मग एरंडी. पॉलिहायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड हे नाव जड आहे, पण ते १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिडपासून बनतं आणि ते एरंडीच्या तेलातून येतं. तेलात झिंक आणि टायटेनियम (तीही ऊन अडवणारी पांढरी पूडच) पसरवायला जगभर हेच वापरतात. इमल्सिफायरही, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा, एरंडीचाच: पॉलिग्लिसेरॉल पॉलिरिसिनोलिएट. चॉकलेटच्या वेष्टनावर ई-४७६ लिहिलेलं असतं ते हेच. एरंडीत जगात आपला देश पहिला, माल बहुतेक गुजरातचा. बांधावर एरंडी तुमच्याकडेही असेलच, पण बांधावरच्या एरंडीपासून हे घरी होत नाही. विकतच घ्यावं लागतं.

आता बरण्या.

पहिली. बाजारच्या जेलला दाटपणा बहुतेक कार्बोमर या पॉलिमरने येतो. कार्बोमरच्या साखळ्या पाण्यात फुगून राहतात कारण त्यांच्यावरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात. झिंक ऑक्साइडमधून थोडे झिंकचे आयन सुटतात, ते दोन धन भारांचे, साखळ्यांना मिठी मारून बसतात आणि जेल कोसळतं. शिवाय झिंक आम्लात विरघळतं. पीएच ६ च्या खाली गेला की विरघळणं वाढतं. कोरफड आम्लधर्मी आहे, त्यामुळे ती इथे नकोच.

दुसरी. स्टिअरिक ॲसिड अधिक झिंक ऑक्साइड म्हणजे झिंक स्टिअरेट. तुम्ही बरणीत साबण केला, फक्त पाण्यात न विरघळणारा. हे रोज थोडं थोडं होतं, म्हणून आठवडाभर छान दिसलं. कुठल्याही मोकळ्या फॅटी ॲसिडचं हेच होणार. घाणीचं तेल घेताना हे लक्षात ठेवा: बी जुनं, ओलं असलं की तेलात मोकळी ॲसिडं वाढतात.

तिसरीचं काकांनी सांगितलं. एवढीच भर की झिंक आणि त्याहून जास्त टायटेनियम डायऑक्साइड उन्हात स्वतःच तेलाचं ऑक्सिडेशन वाढवतात. म्हणून कोट केलेली पूड घ्यायची. आम्ही ट्रायइथॉक्सीकॅप्रिलिलसिलेनचा कोट असलेली, नॅनो नसलेली वापरतो, म्हणजे कण १०० नॅनोमीटरच्या वर. कोट असला की पूड तेलात पटकन भिजते आणि आयनही कमी सुटतात.

आणि पूड कुठून आणली? रबराच्या कामाची नाही ना?

सरकी | १५ मे, ५:४०

…ऑनलाइन. पाकिटावर नुसतं ‘झिंक ऑक्साइड, शुद्ध’ लिहिलंय.

बुटीबोरी_शिफ्ट | १५ मे, दुपारी १:१०

फेकू नका, पण चेहऱ्यावर नको. औद्योगिक ग्रेडमध्ये शिसं, कॅडमियम असू शकतं. कॉस्मेटिक किंवा आयपी (औषधी) ग्रेड आणि सोबत विश्लेषणाचं प्रमाणपत्र मागा. पूड मोजताना मास्क लावा, ती नाकात जायला नको.

कोरफडप्रेमी | १५ मे, २:००

एवढी रसायनं घालायची तर विकतचं काय वाईट? गाजराच्या बियांचं तेल, रासबेरीच्या बियांचं तेल, आपलं खोबरेल, यांत नैसर्गिक एसपीएफ (ऊन किती अडतं त्याचा आकडा) असतो असं सगळीकडे लिहिलंय. करंजाचं तेल तर आपल्या दारात आहे.

वर्ध्याची_डॉक्टर | १५ मे, रात्री ९:२०

त्वचेची डॉक्टर आहे. तेलाच्या भरवशावर उन्हात जाऊ नका. खोबरेलाचे जे आकडे फिरतात ते प्रयोगशाळेतल्या उपकरणावरचे, माणसाच्या कातडीवरचे नाहीत. करंजात करंजिन आणि पोंगामॉल ही अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं आहेत हे खरं, पण चमचाभर तेलातून मिळणारं संरक्षण हिशोबात धरण्यासारखं नाही. वास आणि पिवळा डाग मात्र हमखास.

घरी केलेल्या झिंक क्रीमबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. एसपीएफ घरी मोजता येत नाही. आयएसओ २४४४४ ची पद्धत आहे: माणसांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून, कृत्रिम सूर्यप्रकाश टाकून लाली कधी येते ते पाहतात, किमान दहा माणसांवर. २० टक्के झिंक घातलं म्हणजे अमुक एसपीएफ असं गणित नाही. तेच २० टक्के नीट पसरलेलं असेल तर तिशीच्या घरात जाईल आणि गुठळ्यांचं असेल तर दहाच्याही खाली राहील. गुठळ्यांच्या मधली कातडी उघडी असते.

वांगवाल्या ताईंसाठी: आपल्या सावळ्या कातडीत वांग फक्त अतिनील किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानेही होतात. पांढरं झिंक तो उजेड पुरेसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं. म्हणून वांगासाठी आम्ही रंगीत सनस्क्रीन लिहून देतो. चेहरा भुतासारखा पांढरा दिसण्याचा प्रश्नही त्यानेच सुटतो. आणि घरचे प्रयोग चालतील तेवढे चालू द्या, पण त्या ताईंची लिहून दिलेली ट्यूब बंद करू नका. बाजारातल्या त्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड असणार. तशा चेहऱ्यांची रांग रोज माझ्यासमोर असते.

बाप्या_अकोलेकर | १५ मे, ९:४५

आयर्न ऑक्साइड म्हंजे गेरूच ना जी? पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावतो तो. घरी डबाभर हाय.

बुटीबोरी_शिफ्ट | १५ मे, ११:५०

रसायन तेच, माल तो नाही. 😄 जमिनीतून काढलेल्या गेरूत शिसं, आर्सेनिक किती ते कोणी मोजलेलं नसतं. आपल्याकडे कॉस्मेटिकमध्ये वापरायच्या रंगात आर्सेनिक २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २ भाग) वर आणि शिसं २० पीपीएमच्या वर चालत नाही. कारखान्यात बनवलेलं लाल, पिवळं, काळं आयर्न ऑक्साइड घ्यायचं. आपल्या वर्णाला पिवळं सगळ्यात जास्त, लाल त्याच्या निम्म्याहून कमी, काळं चिमूटभर.

टेंभुर्णी | १६ मे, दुपारी ३:३०

गडचिरोलीहून. सध्या तेंदूचा हंगाम आहे. बाया पहाटे चारला जंगलात जातात, दहा-अकरापर्यंत पानं तोडून परत, मग दिवसभर मुडके बांधत बसतात. एवढा घाम असतो की क्रीम डोळ्यात उतरते आणि चुरचुरते. यावर काही?

दुसरं, आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल निघतं. थंडीत तुपासारखं गोठतं. ते चालेल का? गावातच पैसा राहील.

बुटीबोरी_शिफ्ट | १६ मे, ११:४०

ताई, घामाचा प्रश्न फार चांगला विचारलात. उत्तर ताक-लोण्यात आहे.

ताक म्हणजे पाण्यात तरंगणारे तुपाचे थेंब. लोणी म्हणजे तुपात अडकलेले पाण्याचे थेंब. नेहमीची क्रीम ताकाच्या जातीची: घाम आला की धुऊन जाते, कारण बाहेरचा थर पाण्याचा. झिंकची क्रीम लोण्याच्या जातीची करायची. झिंक बाहेरच्या तेलात राहतं, पाणी आत कोंडलेलं. घामाने लवकर निघत नाही, आणि झिंकचे आयन पाण्यात उतरून उपद्व्याप करत नाहीत. तोटा एकच, थोडी चिकट लागते आणि करायला खाष्ट आहे. डोळ्यांची चुरचुर झिंक-टायटेनियमच्या क्रीममध्ये बरीच कमी असते.

मोहाचं तेल: पाच टक्क्यांपर्यंत, रिफाइन केलेलं असेल तरच. बी पावसात भिजलेलं असतं, साठवणीत मोकळी ॲसिडं वाढतात, आणि मग सरकीताईंची दुसरी बरणी.

रंगारी_नागपूर | १७ मे, सकाळी ८:००

लोण्याची उपमा झकास. मी म्हणतो खल घ्या, झिंक आणि तेल तासभर खलून काढा. आम्ही तीन रोलरच्या मिलमधून काढायचो.

बुटीबोरी_शिफ्ट | १७ मे, ९:१०

काका, माफ करा, कोट केलेल्या पुडीला तासभर खल नको. जोर लावला की कोट फुटतो आणि आतलं उघडं झिंक बाहेर येतं. रंगात ते चालतं, इथे नाही. रात्रभर तेलात भिजत ठेवा, डाळीसारखं. सकाळी नुसतं हलक्या हाताने घोटायचं.

रंगारी_नागपूर | १७ मे, ९:२५

मान्य. आमच्या वेळी कोट बिट नव्हता.

मग तपासायची युक्ती तरी घ्या. आमच्याकडे हेगमन गेज असायचं: पोलादाची पट्टी, तिच्यात एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला शून्यावर येणारी चर. पेस्ट चरीत ओढायची, कण कुठे दिसायला लागतात ते पाहायचं. तुमच्याकडे नसणार. काचेच्या दोन पट्ट्या घ्या, मधे थेंबभर पेस्ट दाबा, उजेडासमोर धरा. आकाशासारखं सलग दिसलं तर ठीक, चांदणं दिसलं तर परत घोटा.

बुटीबोरी_शिफ्ट | १७ मे, रात्री ११:१५

त्यात माझी भर: नोटा तपासायचा ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मिळतो. पांढरा छपाईचा कागद त्याखाली निळा चमकतो. कागदावर काच, काचेवर क्रीमचा पातळ हात. झिंक ते किरण शोषतं, म्हणून क्रीम असेल तिथे कागद काळवंडतो. मधे मधे निळे ठिपके दिसले की थर फाटका. हा एसपीएफ नव्हे, फक्त सारखेपणा कळतो. डोळ्यात मारू नका.

आता सूत्र, १०० ग्रॅमचं.

तेलाची बाजू: कोट केलेलं झिंक २०, पॉलिहायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड १.५, खोबऱ्यापासूनचं कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड १४ (हे पामचंही येतं, विचारून घ्या), कोको-कॅप्रिलेट (हेही हलकं तेलच) ८, एरंडीचा इमल्सिफायर ४, मधमाशीचं मेण १.५, व्हिटॅमिन ई ०.३.

पाण्याची बाजू: डिस्टिल्ड पाणी ४४.९, ग्लिसरीन ४, मॅग्नेशियम सल्फेट ०.८, फिनॉक्सीइथेनॉल-इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं प्रिझर्वेटिव्ह १.

रंग घालायचा तर दीड ग्रॅम आयर्न ऑक्साइड, कोको-कॅप्रिलेट तेवढं कमी करायचं, आणि रंगही झिंकसोबत रात्री भिजवायचा.

झिंक बाजूला ठेवून बाकी तेल-मेण ७५ अंशांवर वितळवा, मग भिजवलेलं झिंक मिसळा. पाणीही त्याच तापमानाला. मग पाणी तेलात, उलटं नाही. पहिली पाच मिनिटं थेंब थेंब, सतत घोटत. घाई केलीत की लोण्याचं ताक होईल.

‘नैसर्गिक’ म्हणून पोटॅशियम सॉर्बेट, सोडियम बेंझोएट घालायचा मोह होईल. ती आम्लात काम करतात. झिंकच्या क्रीमचा पीएच साडेसातच्या आसपास, तिथे ती नुसती बसून राहतात. बुरशी लागलेली क्रीम कातडीला उन्हाहून वाईट.

सरकी | १८ मे, ५:३५

मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे कपाशीच्या लाल्या रोगावर फवारतो ते? गोठ्यात अर्धं पोतं आहे!

बुटीबोरी_शिफ्ट | १८ मे, १:००

तेच, पण ते कपाशीलाच राहू द्या. 🙏 औषधी ग्रेडचं पाव किलो घ्या, दोन वर्षं पुरेल. हे मीठ (रसायनात मॅग्नेशियम सल्फेटही मीठच) कशाला ते विचाराल, तर पाण्याच्या लहान थेंबांतून पाणी तेलामार्गे मोठ्या थेंबांत जात राहतं, लहान आणखी लहान, मोठे आणखी मोठे, शेवटी पाणी सुटतं. थेंबात मीठ असलं की ते पाणी धरून ठेवतं.

कोरफडप्रेमी | १८ मे, २:२०

हे समुद्रातल्या प्रवाळांसाठी सुरक्षित आहे का पण?

बुटीबोरी_शिफ्ट | १८ मे, ११:५५

दारव्ह्याला प्रवाळ? 🙂 हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा करून २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेटच्या विक्रीवर बंदी आणली, तेव्हापासून प्रत्येक डब्यावर प्रवाळाचं चित्र आलं. पण झिंक ऑक्साइड स्वतः पाण्यातल्या जिवांना फार विषारी म्हणून वर्गीकृत आहे. आपल्याकडे प्रश्न तळ्याचा आणि नाल्याचा. भांडी विहिरीवर धुऊ नका. आधी कागदाने पुसून घ्या, मग साबण.

सरकी | ९ ऑगस्ट, दुपारी १२:३०

धागा मेला असं वाटलं असेल. पेरणी, डवरणी, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

सगळा माल मागवला, पहिल्यांदाच हिशोबाच्या वहीत ‘प्रयोग’ असं खातं काढलं. घोटायला मिक्सरचं जुनं भांडं आणि रवी. त्या बरण्यांना आता नंबर पडले आहेत.

नऊ नंबर: पाणी ओतताना दारात पाहुणे आले, हात सुटला, सगळं एकदम पडलं. डोळ्यांदेखत लोण्याचं ताक झालं. अगदी तो क्षण दिसला: चकचकीत दाट गोळा होता, एकाएकी पातळ, फिकट झाला आणि भांड्याच्या कडांना तेलाचे डोळे आले.

अकरा: मीठ विसरले. चार आठवड्यांनी वर घामासारखे बारीक थेंब.

बारा: जमली. रंग पिवळा एक ग्रॅम, लाल ०.४, काळा ०.१. काचेच्या पट्ट्यांत चांदणं नाही. टॉर्चखाली कागद सलग काळा, फक्त कडेला जिथे माझं बोट उचललं गेलं तिथे एक निळी रेघ. ती रेघ बघून कळलं की आपण चेहऱ्याला क्रीम कशी लावतो. कानापाशी आणि केसांच्या कडेला कोणीच नीट लावत नाही.

टिकते का पाहायला तीन बरण्या केल्या. एक पत्र्याखालच्या फळीवर, जून सुरू व्हायच्या आत दुपारी तिथे थर्मामीटर ४६ दाखवत होता. एक आलटून पालटून रात्री फ्रीझरात, दिवसा फळीवर, सहा फेऱ्या. एक कपाटात. गरगर फिरवून थर वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज नव्हतं, पण डेअरीत दुधाचं फॅट काढायचं जुनं हाताने फिरवायचं गर्बर मशीन धूळ खात होतं. नळ्या भरल्या आणि दोघींनी पाळीपाळीने पंधरा मिनिटं फिरवलं. दूधवाल्याला वाटलं आम्ही त्याचं फॅट तपासायला आलो. बिचारा घाबरला.

फळीवरची बरणी दहा आठवडे झाले, वर बोटभर तेल नाही, अगदी नखाएवढा ओलसरपणा आहे. बाकी दोन जशाच्या तशा. गर्बरच्या नळीत तळाला किंचित पांढरट थर.

रंगारी_नागपूर | ९ ऑगस्ट, १:१५

पोरी, जिंकलीस. नखाएवढ्या तेलाला घाबरू नकोस, मेण अर्धा टक्का वाढव. तळाचा थर काडीने हलवून बघ. हलक्याने परत मिसळला तर मऊ गाळ, त्याची चिंता नाही. काडी टेकून बसली तर डिस्पर्संट कमी पडतोय.

सरकी | ९ ऑगस्ट, १:४०

मिसळला काका, काडी लागताच.

टेंभुर्णी | ९ ऑगस्ट, सायंकाळी ७:००

सरकीताई, पुढच्या तेंदूच्या आधी आमच्या बायांसाठी शंभर डब्या विकत द्याल का?

सरकी | १० ऑगस्ट, ५:४५

विकत नाही देता येणार ताई.

बुटीबोरी_शिफ्ट | १० ऑगस्ट, ११:३०

बरोबर बोलल्या. विकायचं म्हटलं की कॉस्मेटिक्स नियम २०२० लागू. राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) सीओएस-५ चा अर्ज, जागा, पाणी, शिकलेला जबाबदार माणूस, मग सीओएस-८ परवाना. किंवा परवाना असलेल्या युनिटमध्ये करून घ्यायचं, त्याला लोन लायसन्स, म्हणजे दुसऱ्याच्या युनिटमध्ये बनवायचा परवाना. आणि डबीवर एसपीएफचा आकडा टाकायचा तर आधी चाचणी. ती खर्चिक आहे, एका गटाला झेपणारी नाही, चार तालुक्यांचे गट मिळून कदाचित.

वर्ध्याला एमगिरी आहे, ग्रामोद्योगांसाठीची संस्था, तिथे एकदा जाऊन बसा. नागपूरला एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) तेल आणि सरफेस कोटिंग दोन्ही शिकवतात. काकांचा आणि माझा वाद तिथे एका छताखाली मिटेल.

वर्ध्याची_डॉक्टर | १० ऑगस्ट, रात्री १०:००

वहीतली नोंद, फळीचं तापमान, काचेचे फोटो सगळं घेऊन जा. एवढं व्यवस्थित मी आमच्या पीजीच्या मुलांकडूनही पाहत नाही. आणि त्या वांगवाल्या ताई कशा आहेत?

सरकी | ११ ऑगस्ट, ५:३०

ट्यूब चालू आहे, बंद केली नाही. आग थांबली. वांग थोडे फिके आहेत, पण ती म्हणते आरसा बदलला म्हणून. बारा नंबर ती हाताला आणि मानेला लावते, ‘हळद लागल्यासारखी दिसते’ म्हणून खूश आहे. मेण वाढवून तेरा नंबर काल केली.

बाप्या_अकोलेकर | ११ ऑगस्ट, ७:१०

ते दोन नंबरची बरणी फेकली काय वो ताई? चमचा उभा रायते वाली?

सरकी | ११ ऑगस्ट, ७:३०

नाही. चेहऱ्यासाठी नको म्हटल्यावर ह्यांनी एका रात्री पायाच्या भेगांना चोपडली. आता अर्धी संपली आहे आणि दुसरी कर म्हणून मागे लागलेत.

बाप्या_अकोलेकर | ११ ऑगस्ट, ७:३२

मंग थे सूत्र टाका ना जी इथं.

बुटीबोरी_शिफ्ट | ११ ऑगस्ट, दुपारी १:०५

आधी ती ऑनलाइनवाली पूड बदला!!